मामाचं मांडीवर न टिकणारं मशीन

माझा मामा लॅपटॉपच्या दुकानात उभा असतो. उभा म्हणजे अक्षरशः उभा, मालकाने त्याला कधी स्टूलही दिलं नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्याचा आवाज वर चढतो आणि भुवया त्याच्याही वर. "या साहेब! हा आमचा थोरला. पडदा बघा, कॅरमबोर्ड! कामाला वाघ, पण दोन जिने चढवा, धाप तुम्हाला लागेल. हा टॅबलेट. दिसायला गोड, पण पानंच्या पानं टाइप करायला सांगा, लगेच रुसतो. आणि हा..." इथे तो खोकतो. तो खोकलाही ठरलेला. "हा टू-इन-वन! कीबोर्ड लावा, ऑफिस. काढा, थिएटर. मागे काय आहे? पाय! स्वतःच्या पायावर उभा राहतो, आमच्या भाच्यासारखा नाही."

आईला विमा कंपनीत काम मिळालं. कुणाकडे आग लागली, पाणी शिरलं, की त्यांच्या घरी जायचं आणि त्यांचा जबाब समोर बसून टाइप करायचा. सध्या चाचणीवर, जमलं तर कायम, नाही तर घरी. तिने मामाकडे साधा लॅपटॉप मागितला.

"ताई, तू दिवसभर जिने चढणार! तुला हे वजन झेपणार?" असं म्हणत मामाने टू-इन-वन तिच्या गळ्यात घातला. तो नग कपाटात कधीचा पडून होता आणि मालक रोज त्यावरून टोचत होता, हे त्याने सांगितलं नाही.

मग आईचे जबाब अर्धवट जायला लागले. साहेबांनी फोनवर सुनावलं, "बाई, आणखी एक अर्धवट आला तर तुमचं काम थांबवावं लागेल."

मामा म्हणाला, "मशीन पळतंय ताई, बोटं रांगतायत तुझी! सराव कर, सराव."

"हो रे गुंड्या," आई म्हणाली. एवढंच.

दुकान बंद होतं त्या दिवशी सराव कसा करतात हे दाखवायला मामा तिच्याबरोबर निघाला. मीही गेलो. त्या घरात पाण्याचा नळ फुटला होता. खुर्च्या, टेबल, गाद्या, सगळं गॅलरीत उलटं वाळत घातलेलं. बसायला जिना तेवढा कोरडा होता.

आई पायरीवर बसली आणि मशीन मांडीवर ठेवलं. मशीनचा मागचा पाय गुडघ्यावरून घसरला आणि पडदा पाठीमागे आडवा झाला. तिने उभा केला. पुन्हा आडवा. तिकडे घरमालकीण सुटली होती, "अहो मी झोपेत, पाय खाली टाकते तर पाणी! यांना म्हटलं उठा, तर हे म्हणतात स्वप्न बघतेयस! लिहिलंत का?" आई हनुवटीने पडदा दाबून धरत होती, एका हाताने टाइप करत होती.

मामाचं तोंड उघडं ते उघडंच. जन्मभर त्याने ही मशीनं काउंटरवर मांडली होती. मांडीवर एकही घेतलं नव्हतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "रोज असंच?"

"कधी पिशवी मागे लावते, कधी भिंत. चालतं रे."

"मला बोलली का नाहीस?"

"किती हौसेने दिलं होतंस तू. कसं सांगू?"

कान लाल होतात हे मी ऐकून होतो. त्या दिवशी मामाचे पाहिले. त्याने एकदा खोकून बघितलं, पण पुढचं वाक्य काही आलं नाही. मग दोन पायऱ्या उतरून तो तिच्याकडे तोंड करून बसला आणि दोन्ही हातांनी पडदा मागून धरला.

"बोला तुम्ही," आई म्हणाली, आणि तिची दहाही बोटं धावायला लागली.

घरमालकिणीने खाली वाकून पाहिलं. "हे कोण?"

"माझा भाऊ. कॉम्प्युटरच्या दुकानात असतो."

"अगंबाई! मग त्यांनाच विचारून घ्यायचं होतंत ना. हे असलं कुणी मारलं तुमच्या माथी?"

आईची बोटं थांबली. ती काहीतरी सावरून घेणार, एवढ्यात मामा बोलला, खाली बघून, दुकानातला आवाज सोडून.

"मीच."

घरमालकीण गाद्यांपासून पुन्हा सुरू झाली. जबाब लांबला. मामाचे हात भरून आले, तरी शेवटची ओळ होईपर्यंत त्याने पडदा सोडला नाही आणि मानही वर केली नाही.