मिठागरावरची निशाणी

मी घाटावरचा, तापट डोक्याचा आणि तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचा. ठाण्याच्या खाडीकाठी एका गावात मला मास्तर म्हणून धाडलं. शाळा देवळाच्या ओसरीत भरायची. गाव सगळा मिठागरावर राबणारा. त्यांची बोली मला कळत नसे आणि माझं पुस्तकी बोलणं ऐकून बाया तोंडाला पदर लावून हसत. हसा म्हटलं, हसून घ्या!

एक बाई मात्र हसली नाही. पोराला दंडाला धरून आली. धुळीत बोटानं एक उभी रेघ ओढली, तिच्या टोकाला एक आडवी. मीठ ओढायच्या फळीचं ते चित्र. कचेरीत सही म्हणून तिचा नवरा तेवढीच निशाणी करायचा, हे मला तलाठ्यानं आधीच सांगितलं होतं. मग बाईनं ती निशाणी पायानं खसाखसा पुसली आणि पोराला माझ्याकडे ढकललं. मला सगळं कळलं. तिच्या पोराला स्वतःचं नाव लिहिता यायला हवं होतं.

पोरगा भलताच चलाख. महिन्याभरात नावाची दोन अक्षरं झाली, तिसरं राहिलं. तेवढ्यात मिठाचा हंगाम लागला. पोरं सकाळी मिठागरात राबून मग शाळेत येत. एक दिवस हा लेखणीच धरीना. दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या.

"हात पुढे कर!"

करीना. मला वाटलं, माज आलाय. छडी काढली आणि मुठींवरच ओढली. तरी उघडीना, तेव्हा एकेक बोट उपसून तळहात मोकळा केला आणि सपकन दिली. पाटीवर रक्त उडालं. तळहात मिठानं आधीच चिरफाळलेला होता. भेगांत तेल भरायचं आणि त्या सांधेपर्यंत मूठ सोडायची नाही, ही तिथली रीत मला मागाहून कळली. पण भेगा तर मला दिसल्या, तरी आणखी दोन मारल्या. खोटं कशाला सांगू?

कुणीतरी आईला सांगितलं. गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली ती मिठागरातून धावत आली आणि माझ्या छडीला झोंबली. मी शिस्त, कायदा, काय काय ओरडत होतो. तिला त्यातलं काय कळणार? छडी सुटेना म्हणून मी हिसडा मारला आणि तिच्या तोंडावर ओढली. गालावर वळ उठला.

मग मागून आलेल्या गड्यांनी मला ओसरीवरून खाली खेचलं. लाथा, बुक्के, दगड. एक दात पडला, उजवा तळहात दगडावर फाटला. मारून टाकतात आता, असं वाटलं. "ऱ्हवा रं!" ती किंचाळली, तसे ते थांबले. माझ्या मनगटावर गुडघा रोवून तिनं मूठ उघडली, ओटीतलं खडेमीठ त्या जखमेत भरलं आणि माझी बोटं दोन्ही हातांनी आवळून धरली. मी गुरासारखा ओरडलो. तीही रडत होती. रडत काहीबाही बोलत होती.

दुसऱ्या दिवसापासून तो पोरगा आला नाही. बाकीचे आले, पण माझं लक्ष दारातच. चौथ्या दिवशी सुजलेला हात गळ्यात बांधून मी त्यांच्या झोपडीवर गेलो. बाई अंगणात होती, गालावरचा वळ काळा पडलेला. चूक झाली, हे तिच्या बोलीत कसं म्हणतात, मला ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो. डाव्या हातानं धुळीत ती फळी काढली, उठलो आणि तिनं पुसली होती तशीच पायानं पुसली.

तिनं किती तरी वेळ त्या पुसलेल्या जागेकडे पाहिलं. पोरगा दारात उभा होता. मला पाहताच त्यानं दोन्ही मुठी पाठीमागे नेल्या. तेही तिनं पाहिलं.

मग ती वाकली आणि माझ्यादेखत त्याच जागी बोटानं एक उभी रेघ ओढली, तिच्या टोकाला एक आडवी.