बायकोचा मुलगा, वय दहा

छापखान्यात तिला सगळे वेलांटीबाई म्हणायचे. एकदा ‘शुभ दिन’चा ‘शुभ दीन’ झालेली लग्नपत्रिका छापली जात होती, तेव्हा तिनं चालतं मशीन बंद करायला लावलं. तेव्हापासून ते नाव जे चिकटलं, ते बत्तीस वर्षं मुद्रितं तपासून ती घरी बसली तरी सुटलं नाही.

घरी बसून वर्ष होतंय तोच तिचा धाकटा भाऊ गेला. तो बसचालक होता. डेपोच्या दारात बंद पडलेली गाडी चौघांबरोबर ढकलता ढकलता खाली बसला आणि उठलाच नाही. वय एक्कावन्न. हार्ट अटॅक, असं सगळेच धरून चालले. पण शवविच्छेदनाच्या कागदावर लिहिलं होतं की रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ आहेत. तो कागद पाहिल्यावर हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी भावाच्या एकुलत्या एका मुलीला बोलावून घेतलं.

मुलगी एकोणीस वर्षांची, पोहणारी. अकरा दिवसांवर तिची निवड चाचणी होती.

“हिच्या ईसीजीत एक जागा मला आवडलेली नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हृदय एका परीनं विजेवर चालतं. त्या विजेतच दोष असणारी काही घराणी असतात. तसं असलं तर पोहण्यात सगळ्यात जास्त धोका. रक्त तपासायला पाठवते, सात आठवडे लागतील. तोवर पाण्यात उतरायचं नाही.”

पोरगी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, खेळाडूंचे ईसीजी असेच दिसतात, खुशाल पोहा. एकच कागद आणि दोन डॉक्टरांची दोन मतं. आपल्याला हवं ते मत पोरीनं उचललं आणि तिच्या आईनंही तिचीच री ओढली.

डॉक्टरीणबाईंनी वेलांटीबाईला बाजूला घेतलं. “तुमच्या घरात याआधी कुणी तरुणपणी असं अचानक गेलंय का? नीट शोधा. दोन जण जरी सापडले, तरी मी त्या पोरीला ठणकावून सांगू शकेन.”

शोधायचं कुठं? वडील गेले तेव्हा ती बारा वर्षांची होती. ते भिंती रंगवायचे. शिडीवरून पाय घसरला आणि गेले. आजोबा सुतार. ते त्र्याऐंशीव्या वर्षी गेले, तेही कुरकुरत. हृदयानं दगा दिलेला कुणीच आठवेना. शेवटी ती मोठ्या आत्याकडे गेली. वडिलांच्या मागे राहिलेली ही एकच बहीण, ऐंशी वर्षांची, पण जीभ अजून शाबूत.

“मेलेल्यांची मोजदाद कशाला करतेस?” मोठी आत्या म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. भर दुपारी, चहा समोर असताना.

वेलांटीबाईच्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

अभिलेख कार्यालय एका सरकारी इमारतीच्या तळघरात होतं. अकरा ते चार. पेन बंदी, फक्त शिसपेन्सिल. दिवसाला पाच चिठ्ठ्या, म्हणजे पाच वह्या. रेकॉर्डकीपर सतत घसा खाकरायचा आणि वही अशी ठेवायचा, जणू झोपलेलं मूल. जनगणनेच्या सत्तर वर्षं उलटलेल्या वह्या लोकांना बघायला खुल्या होत्या, पण त्या गल्लीवार लावलेल्या. नावावरून काही सापडायचं नाही. तिला एवढंच ठाऊक होतं, की आजोबांचं घर लाकूडबाजाराच्या मागं होतं. लाकूडबाजारामागं गल्ल्या निघाल्या चौदा.

तीन दिवस गेले. पोरगी रोज पहाटे तलावावर जात होती. सकाळी साडेआठला ती घरी परतल्याचा निरोप येईपर्यंत वेलांटीबाई फोन हातातून खाली ठेवत नसे.

चौथ्या दिवशी घर सापडलं. कुटुंबप्रमुख, सुतार, वय चौतीस. बायको, एकतीस. मुलगी, सहा. मुलगी, तीन. आणि सगळ्यात खाली तिचे वडील. कुटुंबप्रमुखाशी नातं या रकान्यात लिहिलं होतं: बायकोचा मुलगा, वय दहा.

पहिल्यांदा तिला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक. तिचा हात सवयीनं समासाकडे गेला, खूण करायला. मग तिनं ते पान पुन्हा वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. अक्षर एका ओळीत, कुठं खाडाखोड नाही. जन्मभर चुका पकडलेल्या बाईला एवढं कळत होतं की अशा माणसाच्या हातून एक अख्खा शब्द जास्तीचा पडत नाही.

म्हणजे आजोबा तिचे आजोबाच नव्हते.

थोरली मुलगी सहा वर्षांची. म्हणजे लग्न सात-आठ वर्षं आधी. तिनं विवाह नोंदणीच्या तीन वर्षांच्या वह्या मागितल्या. दोन आल्या, त्यात काही नव्हतं. तिसरी बांधणीला गेली होती.

“कधी येईल?”

“आठवडाभर,” रेकॉर्डकीपर म्हणाला.

“माझ्याकडे सहा दिवस आहेत हो.” तिनं त्याला सगळं सांगितलं. तो घसा खाकरत ऐकत राहिला आणि आत निघून गेला. पण त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी ती वही टेबलावर होती, पाठीवरचा गोंद अजून ओला. वर: सुतार, अविवाहित. वधू: वय चोवीस, विधवा. पूर्वीचा नवरा: नावाडी, खालचा धक्का.

चाचणी दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनला. त्या दिवशी अकराच्या ठोक्याला ती दारात उभी होती. आधीची जनगणना, खालचा धक्का. नावाडी, पंचवीस. आई, पन्नास. बायको, एकवीस. भाऊ, सतरा. बहीण, चौदा. मुलगा, आठ महिने. ते आठ महिन्यांचं मूल म्हणजे तिचे वडील. मग तिनं त्या भागाच्या मृत्यूनोंदी मागितल्या. पावणेएकला धाकटा भाऊ सापडला: वय अठरा, बुडून. त्यानंतर चौदा महिन्यांनी नावाडी: वय सत्तावीस, बुडून.

“नावाड्यांच्या घरात माणसं पाण्यानंच जायची, बाई,” रेकॉर्डकीपर हळूच म्हणाला.

तिनं शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथं दोघांच्याही नोंदीपुढे बारीक अक्षरात एकच शेरा होता: पाणी कमरेएवढे. अंगावर जखम नाही. दारू प्यालेला नाही.

जन्म पाण्यावर काढलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यात कसा बुडेल? तो आधी मेला होता आणि मग पाण्यात पडला होता. आणि वडील? त्यांचा पाय खरंच घसरला होता का?

प्रमाणित नक्कल मिळायला एरवी तीन दिवस लागत. रेकॉर्डकीपरनं त्याच टेबलावर बसून दोन्ही मृत्यूनोंदी आणि त्या घराची जनगणनेतली नोंद एका कागदावर उतरवली, शिक्का मारला आणि म्हणाला, “पळा.”

रिक्षात बसून तिनं भावजयीला फोन लावला. उचलला नाही. पोरीचा फोन बंद. डॉक्टरीणबाईंना लावला. त्यांनी दोनच वाक्यं ऐकली. “तिला पाण्यात जाऊ देऊ नका. काहीही करा.”

ती पोचली तेव्हा दुसरी फेरी चालू होती. पोरगी तिसऱ्या फेरीत. टोपी घालून, दंड झटकत उभी होती. भावजय पायऱ्यांवरून उतरून आडवी आली. “ताई, आज नको, पाया पडते तुमच्या. बाप गेल्यापासून आज पहिल्यांदा हसलीय ती.”

“हे वाच.”

“नंतर वाचते.”

“आत्ता वाच.”

भावजयीनं कागद घेतला. तिला बाजूला सारून वेलांटीबाई ओल्या फरशीवरून चालत निघाली. प्रशिक्षक ओरडला, पालकांनी रेषेच्या मागं थांबा. ती थांबली नाही.

“तुझे खरे पणजोबा नावाडी होते,” ती पोरीला म्हणाली. “ते आणि त्यांचा भाऊ, दोघंही ऐन तरुणपणी पाण्यात गेले. कमरेएवढ्या पाण्यात.”

“आत्या, ते ऐंशी वर्षांपूर्वीचं आहे. मी आज उभी आहे इथं.”

“म्हणून तर सांगायला आले.”

“तुला माहितीये मी किती वर्षं…” पोरीचा आवाज फाटला. शिट्टी झाली. दुसरी फेरी संपली. मुली पुढे सरकल्या.

तेवढ्यात भावजय आली. कागद तिनं वाचला होता. तिनं पोरीचा दंड धरला आणि एवढंच म्हणाली, “चल.” तो आवाज ऐकून पोरगी दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग तिनं पोहायचा चष्मा काढून फरशीवर आपटला आणि मागं न बघता कपडे बदलायच्या खोलीत गेली. तिसरी फेरी आठऐवजी सात जणींची झाली.

सात आठवड्यांनी अहवाल आला. दोष पोरीत होता आणि वेलांटीबाईतही होता. अठ्ठावन्न वर्षं तो तिच्या छातीत मुकाट बसून होता. दोघींना जन्मभराच्या गोळ्या लागल्या. शर्यती कायमच्या बंद. पोरगी आत्याशी तीन महिने एक अक्षर बोलली नाही आणि वेलांटीबाईनंही तिला समजवायला जायचं टाळलं. जिवंत आहे ना, मग रागावू दे.

अहवाल दाखवल्यावर मोठी आत्या रडली. “बाबांनी आईला बजावलं होतं, हा मुलगा माझा, दुसरं नाव या घरात निघायचं नाही. दादाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही. पण गणनेचा माणूस आला तेव्हा बाबा कामावर होते. सरकारी माणसापुढं खोटं बोलायला आई घाबरली.” आजोबांचा राग धरावा असं वेलांटीबाईला वाटलं, पण धरता येईना.

एका सकाळी पोरगी दारात उभी राहिली. “तो कागद परत वाचला मी. नावाड्याला एक बहीण होती, चौदा वर्षांची. तिचं काय झालं?”

त्या दिवसापासून तळघरात दोघी बसू लागल्या. बहिणीचं लग्न सापडलं, मग तिच्या मुलाचं, मग नातवाचं. नातू दुसऱ्या गावात बेकरी चालवत होता. डॉक्टरीणबाईंचं पत्र घेऊन दोघी त्याच्या दारात गेल्या. तो कोपरापर्यंत पिठानं माखलेल्या हातांनी बाहेर आला.

“आमचं तिकडं कुणी नातेवाईक नाही,” तो म्हणाला. “चुकीच्या घरी आलात.”

पोरीनंच सगळं सांगितलं. नावाडी, त्याचा भाऊ, तिचे वडील. तो ऐकता ऐकता उंबऱ्यावर बसला. बराच वेळ हातावरचं पीठ नखानं खरवडत राहिला.

“माझा थोरला कालव्यात गेला,” तो म्हणाला. “चांगला पोहायचा. बारा वर्षं झाली. मी समजत होतो, मुद्दाम गेला. माझ्याशी भांडून गेला होता.”

पोरीनं डॉक्टरीणबाईंचं पत्र त्याच्यापुढे धरलं. मग त्यानं आतल्या खोलीकडे तोंड करून आपल्या धाकटीला हाक मारली.