लेथवाल्याचा साबण

आमच्या बाबांनी स्वतःहून कुणाला काही भेट दिल्याचं मला आठवत नाही. लग्न असो की वाढदिवस, पाकीट आई भरायची आणि बाबा तिच्या मागे उभे राहून कसनुसं हसायचे. त्यामुळे निवृत्तीला दोन महिने उरले असताना त्यांनी जेवता जेवता सांगितलं, की शेवटच्या दिवशी मी खात्यातल्या प्रत्येकाला स्वतः केलेला साबण देणार आहे, तेव्हा आई आधी हसली आणि मग तिने खरोखरच त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बाबा टर्नर. तेहतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच लेथवर धातू कातत उभे. ते तिथे नक्की काय करतात याचं मला लहानपणापासून भारी कुतूहल होतं. मी विचारायचे आणि ते सांगायचे, बुश. बुश म्हणजे काय? शाफ्टला धरून ठेवतो तो. शाफ्ट कशाचा? पंपाचा. आणि पंप कुठे जातो? "गाडीत भरून बाहेर जातो," असं म्हणून ते पेपर उघडायचे. त्या गाडीच्या पुढे आमचं संभाषण कधीच गेलं नाही.

या वेळी मात्र मी पिच्छा सोडला नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, उलटतपासणीची सवय आहे.

"साबणच का? पेन द्या, घड्याळ द्या."

बाबांनी दोन्ही हात ताटाच्या दोन बाजूंना पालथे ठेवले. बोटांच्या पेरांवर काळ्या रेघा, अंगठ्याच्या मुळाशी भेगा. हे हात मी रोज पाहत होते आणि एकदाही पाहिले नव्हते.

"आम्ही हात कशाने धुतो माहितीये? कपड्याची पावडर आणि लाकडाचा भुसा. ग्रीस निघतं, सोबत कातडीही निघते. मग भेगा पडतात, दुसऱ्या दिवशी तेल त्या भेगांत जातं." हात उलटे करून ते म्हणाले, "हजारो जॉब केले मी, बुशच बुश. एकही कुणाच्या हातात पोचलेला पाहिला नाही. जायच्या आधी एक तरी बघायचाय. ओळखीच्या माणसाच्या हातात, वापरात."

आईने तोवर हसणं थांबवलं होतं.

मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही. शाळेतून आले की बाबा वही घेऊन दारात. कॉस्टिक सोडा किती? खोबरेल जास्त घातलं तर काय होतं? एरंडेल कशाला? सोडा पाण्यात टाकायचा की पाणी सोड्यात? माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांनी मिळून वर्षभरात इतके प्रश्न विचारले नसतील. सोडा पाण्यात, हळूहळू, आणि डोळ्यांना चष्मा लावूनच, असं मी चार वेळा बजावलं. ग्रीस खरवडून निघावं म्हणून मक्याचं रवाळ पीठ घालायची कल्पना त्यांची, आणि ती चांगली होती. साबण मुरायला सहा आठवडे लागतात हे ऐकून मात्र ते चरकले. तोवर त्याच्यात तिखटपणा राहतो, हाताला झोंबतो, हे मी समजावलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून आठवडे मोजले.

साच्याबद्दल मात्र त्यांनी मला अवाक्षर विचारलं नाही. सुपरवायझरची परवानगी घेऊन भंगारातला एक तुकडा मिळवला आणि आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत लेथवर कोरला. नऊ वाट्यांचा साचा. घरी आणला तेव्हा फडक्यात गुंडाळलेला होता.

"बघ तोंड दिसतं का."

दिसलं. नऊ वाट्यांत माझी नऊ तोंडं. कडा इतक्या गुळगुळीत की बोट फिरवतच राहावंसं वाटे. बाबांच्या हातची वस्तू मी जन्मात पहिल्यांदा हातात धरत होते. मला भरून आलं, आणि मी ते त्यांना सांगितलंही. ते लाजून आईकडे चहा मागायला गेले.

रविवारी सकाळी आम्ही साबण घोटला. चमच्याची रेघ वर उमटून राहायला लागली तसा बाबांनी तो नऊ वाट्यांत ओतला, एका पातळीत, थेंबही न सांडता. दोन मिनिटांत कडेने बुडबुडे आले. मग साबण फसफसून वर चढला, करडा पडला, वाट्यांबाहेर ओघळू लागला. साच्याला हात लावून पाहते तर चटका बसेल इतका तापलेला.

"बाबा, साचा कशाचा आहे?"

"ॲल्युमिनियम."

मी खिडक्या उघडल्या आणि साचा चिमट्याने उचलून अंगणात नेऊन ठेवला. आतून तो खड्डे पडून काळाठिक्कर झाला होता. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. शेंबड्या पोरालाही कळेल असं मी हे दर वर्षी नववीला फळ्यावर लिहून देते.

"मला एका शब्दाने विचारायचं नाही का?" मी ओरडले.

"साच्याचं तुला काय विचारायचं?" बाबाही चढ्या आवाजात म्हणाले.

त्यांचं चुकलं होतं हे खरं, पण मी कुठल्या तोंडाने ओरडत होते? साचा माझ्या हातात होता. मी तोंडं पाहिली, कडा पाहिल्या, डोळ्यांत पाणी आणलं. धातू तेवढा पाहिला नाही. मला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी मी जेवलेही नाही.

बाबांनी साबणाचं नाव टाकलं. वही कपाटावर गेली. दोन आठवडे घरात कुणी तो विषय काढला नाही, आणि कॅलेंडर तर कुणासाठी थांबत नव्हतं. शेवटी आईचा संयम सुटला. तिने शिलाई मशीनचा लाकडी खण ओढून काढला, त्यातली बटणं आणि रिळं पलंगावर पालथी केली आणि खण बाबांपुढे आदळला.

"हा घ्या साचा. आता तोंड पाडून बसायचं असेल तर अंगणात जाऊन बसा, मला केर काढायचाय."

बाबांनी खण उलटापालटा करून पाहिला. "कोपरे काटकोनात नाहीत."

"मीही नाही. संसार झालाच ना?"

खणाला आतून बटर पेपर लावला आणि साबण ओतला. एवढासाही बुडबुडा आला नाही. दुसऱ्या दिवशी कापायच्या वेळी बाबांनी एक तार आणली, ती ताणून धरली आणि माझ्याकडे पाहिलं.

"स्टील आहे. चालेल?"

"चालेल."

बरोबर सत्तावीस वड्या निघाल्या. सव्वीस खात्यातल्या माणसांना, एक सुपरवायझरला. प्रत्येक वडी व्हर्निअरने मोजली गेली हे वेगळं सांगायला नको.

पण शेवटच्या दिवशी त्या वड्या जेमतेम चार आठवड्यांच्या होणार होत्या. आत्ताच वापरायला देऊ नका, मी ठाम होते. आधीच भेगा पडलेले हात, त्यांना झोंबलं तर सगळ्यावर पाणी. मग आईने कागदाच्या पुड्या बांधल्या आणि बाबांनी प्रत्येक पुडीवर आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं: चौदा तारखेच्या आधी वापरू नये. खात्यात यावरून भरपूर थट्टा झाली. म्हणजे तोवर हात धुवायचेच नाहीत का, असं कुणीतरी विचारलं म्हणे. बाबा हसत घरी आले, पण मला कळलं की चौदा तारखेला ते तिथे नसणार हे त्यांना सलतंय.

चौदाला ते सकाळपासून बाहेरचे कपडे घालून बसले होते. मी शाळेतून येताच म्हणाले, "जरा फिरून येऊ." हे फिरणं कुठे जाणार हे आईनेही विचारलं नाही.

भोंगा वाजला तेव्हा आम्ही कारखान्याच्या फाटकासमोरच्या फुटपाथवर होतो. माणसं बाहेर आली, बाबांना पाहून भोवती जमली. कसं चाललंय, कंटाळा येतो का, पोट सुटलंय तुमचं. प्रत्येकाने हात मिळवला, आणि बाबांनी प्रत्येकाचा हात हळूच उलटा करून पाहिला. मीही पाहत होते. पेरांवर त्याच काळ्या रेघा, त्याच भेगा, आणि पावडरीचा तोच वास. साबणाचं कुणीच काही बोलेना. बाबांचा चेहरा मला पाहवेना.

सर्वांत शेवटी डावरा आला. वीस वर्षं बाबांच्या शेजारच्या लेथवर, डावखुरा म्हणून डावरा. त्याचा हात सगळ्यांत वाईट, बोटं पूर्ण सरळही होत नाहीत. बाबांना राहवलं नाही.

"अरे, साबण दिला होता ना? आज चौदा तारीख."

"सकाळीच काढला की." डावऱ्याने मान खाली घातली. "घरी आहे तो. सगळ्यांनी घरीच नेलेत. इथे ग्रीस काढायला कोण नासणार तसला साबण?"

"हातासाठी होता रे तो! तुझ्या!"

"माझ्या हाताचं काय घेऊन बसलात. आई अंथरुणावर आहे, कातडी तिची नुसती कागद झालीय. आज सकाळी त्याच साबणाने तिचं अंग पुसलं. वास घेतला तिने. बऱ्याच दिवसांनी आपणहून बोलली." डावरा हसला. "विचारते, तुमच्या खात्यात साबणही करतात का रे?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, एकच माणूस करायचा. तो गेला."

डावऱ्याचा हात त्यांच्या हातातच होता, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग सोडला आणि आम्ही निघालो. कोपऱ्यावर ते थांबले, माझ्याकडे वळले.

"मक्याचं पीठ म्हाताऱ्या कातडीला बोचत असेल, नाही का गं? त्याच्याऐवजी काय घालतात?"