विसार दिलेला लॅपटॉप

पेणच्या स्टँडवरून पनवेलची एसटी सुटली तेव्हा मी मृणालला निक्षून सांगितलं होतं, की जेवणाच्या वेळेआधी लॅपटॉप घ्यायचा आणि परतीची गाडी पकडायची. माझ्या मुलीनं फोनमधून मान वर न करता "हो बाबा" म्हटलं. लोक लडाखला जाऊन येतात आणि पानंच्या पानं लिहितात. मी पेणहून पनवेलला गेलो, संध्याकाळी परत आलो, आणि माझ्याकडेही सांगण्यासारखं पुष्कळ जमलं. त्यातलं बरंचसं डोकं फिरवणारं आहे, हे आधीच सांगतो.

मृणालला इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर शाखा मिळाली. कॉलेजनं कळवलं, की प्रत्येकानं स्वतःचा लॅपटॉप आणायचा, आणि वर्ग तर सोमवारपासून सुरू. मी खारेपाटातल्या (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या) जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. चाळीस हजारांत बसेल असा आणि चार वर्षं दगा देणार नाही असा एकच लॅपटॉप मला परवडणार होता. मध्येच तो बंद पडला तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, आणि हे पोरीला न सांगताच कळलेलं होतं. म्हणून महिनाभर तिनं अभ्यासाच्या वरताण अभ्यास केला. कोणता घ्यायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. पनवेलला जायचं, तो मागायचा आणि यायचं, इतकं ते सोपं होतं.

सोपं राहू द्यायचं नाही म्हणून असेल, माझ्या बायकोनं आदल्या दिवशी करंजाड्याला तिच्या बहिणीला फोन केला.

पळस्प्याच्या पुढे ट्रेलर, डंपर आणि उड्डाणपुलाखालचे खड्डे यांच्यात आमची एसटी बराच वेळ उभी राहिली. शेवटी पनवेलच्या स्टँडवर उतरलो, तर समोर दामूभाऊ. पांढरा कडक शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी, हातात गाडीची किल्ली. दामूभाऊ माझे साडू. माणूस मनानं मोठा, पण त्यांच्या मोठेपणाखाली आलेल्याला श्वास घ्यायला जागा उरत नाही.

"मास्तर, रिक्षा बगताव काय? आमी मेलो काय?" त्यांनी मृणालच्या हातातली पिशवी घेतलीसुद्धा. "बस पोरी. आज काका तुला लॅपटॉप घेऊन देतो."

"काका, मी ठरवलंय कुठला घ्यायचा ते," मृणाल म्हणाली.

"ठरवलास ना? मंग बगू ना आपण!" असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली.

मी तेव्हाच म्हणायला हवं होतं, की भाऊ, तुम्ही घरी जा, आम्ही जेवायला येतो. पण मोठा साडू, गाडी घेऊन ताटकळत उभा राहिलेला. मी गाडीत बसलो.

पहिला मुक्काम बाजारातल्या एका मोठ्या दुकानाचा. काचेचं दार, आत हुडहुडी भरेल असा एसी, आणि दारातच एक विक्रेता. "सर, बजेट?" चाळीस म्हटल्यावर त्यानं थेट पंचावन्नचा लॅपटॉप उघडला. किबोर्डाखाली लाल, हिरवे, जांभळे दिवे पळू लागले. "सर, थोडं स्ट्रेच करा ना. मॅडमना फ्युचरमध्ये गेमिंग करायचं असेल तर?"

"मला गेमिंग करायचं नाहीये," मृणाल म्हणाली. "रॅम नंतर वाढवता येते का? आणि सर्व्हिस सेंटर पनवेलमध्येच आहे का?"

"मॅडम, ह्याच्यावर बॅग फ्री आहे."

तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यानं माऊसही फ्री असल्याचं सांगितलं. माझ्या वर्गातल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. शेवटी आतल्या बाजूला बसलेल्या मालकिणीनं हाक मारली आणि हव्या त्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. मृणालनं मागितलेला राखाडी रंगाचा, कसलेही दिवे नसलेला लॅपटॉप त्यांनी काढून दिला. तो बजेटमध्ये बसत होता. पोरीचा चेहरा उजळला. माझा हात पाकिटाकडे गेला.

एवढ्यात दामूभाऊंनी तो लॅपटॉप उचलून तळहातावर तोलला. "लय हलका हाय. टिकायचा नाय." मग मालकिणीकडे वळून त्यांनी विचारलं, "टायटल क्लिअर हाय ना?"

मालकीच्या कागदांत खोट नाही ना, हा जमिनीच्या सौद्यातला प्रश्न; त्या बाईंना काही समजेना. मला समजलं, आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या साडूंनी आयुष्यात मोठी खरेदी केली ती फक्त जमिनीची. त्यामुळे फ्रीज घ्यायचा असो की बैठकीचा सोफा, ते प्लॉट घेतल्यासारखाच घेतात. आधी कोणाच्या ओळखीचा आहे ते बघायचं, मग खोट काढायची, आणि पहिल्या जागी कधीच हो म्हणायचं नाही.

"चला," ते उठले. "कळंबोलीला आपली ओळख हाय. हितं कशाला?"

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा?"

"जेवून येऊ," मी म्हणालो. दाराबाहेर उन्हाचा तडाखा बसला आणि छत्री दुकानातच राहिल्याचं लक्षात आलं, पण आता परत आत शिरायची लाज वाटत होती.

करंजाड्याचे रस्ते सरळ आणि रुंद आहेत. दोन्ही बाजूंना इमारती, तळमजल्यावर केकची दुकानं, जिम, इस्टेट एजंट. या इमारतींच्या खाली कुठेतरी माझ्या सासऱ्यांची भातखाचरं होती. जमीन गेली, मोबदल्यात प्लॉट मिळाले, आणि प्लॉट भावांच्या नावावर व्हावेत म्हणून दोघी बहिणींनी हक्कसोडीवर (वारसाहक्क सोडून दिल्याच्या कागदावर) सह्या केल्या. कोणी दटावलं नव्हतं. राखी बांधून घेणाऱ्या भावाला नाही कसं म्हणायचं, एवढंच. माझी बायको त्याबद्दल कधी बोलत नाही. या रस्त्यावरून जाताना मात्र ती खिडकीबाहेर बघत नाही.

मालतीताईंनी, म्हणजे मृणालच्या मावशीनं, निवट्यांचं (खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या छोट्या माशांचं) कालवण केलं होतं. सोबत तांदळाच्या मऊ भाकऱ्या. या प्रवासात मनापासून आवडलेली गोष्ट कोणती असेल तर ती हीच. पण तीही सुखानं खाऊ दिली नाही. शेजारचे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "पोरीला टॅब घ्या, लॅपटॉपनं डोळे जातात." त्यांच्या सूनबाईंनी सांगितलं, ऑनलाइन सेल लागेपर्यंत थांबा. मग कोणाच्या तरी भाच्याचा फोन आला आणि स्पीकरवरून त्यानं बजावलं, "चाळीसमध्ये काहीच येत नाही, सत्तर ठेवा." ज्यानं त्यानं मला सल्ला दिला. ज्या पोरीला तो वापरायचा होता तिला कोणी एक शब्द विचारला नाही. ती काटे बाजूला काढत खाली मान घालून जेवत होती.

भाकरी वाढताना मालतीताई हळूच म्हणाल्या, "मृणा, तुला कुटला पायजे?"

"राखाडी," ती म्हणाली. "सकाळचा."

दामूभाऊ हात धुऊन आले आणि त्यांनी खरी बातमी सांगितली. "काल सांजेलाच मी कळंबोलीच्या पप्पूशेठला फोनवरूनच विसार धाडला."

विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आधी दिलेली रक्कम. आमच्याकडे जमिनीचा विसार दिला की शब्द दिला गेला. मग माघार घेणाऱ्याची गावभर नाचक्की होते. लॅपटॉपला विसार दिलेला मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तोही न बघता! तोही ज्याला घ्यायचा त्याला न विचारता! माझं डोकं सणकलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला. आणि एवढं होऊनही मी म्हणालो काय, तर "बरं झालं, बघून तरी येऊ."

मृणालनं पाण्याचा ग्लास जरा जोरातच खाली ठेवला.

कळंबोलीचा लोखंड बाजार म्हणजे नजर जाईल तिथवर गोदामं, सळयांचे भारे, पत्र्यांच्या गुंडाळ्या आणि ट्रक. धूळही गंजाच्या रंगाची. इथे लॅपटॉप मिळतो यावर मी विश्वास ठेवला नसता. एका गोदामाच्या बाजूच्या लोखंडी जिन्यानं वर गेलो, तर एका खोलीत टेबलावर लॅपटॉपची थप्पी. कचेऱ्यांतून बाहेर पडलेला जुना माल, हे मला तिथे गेल्यावर कळलं. दामूभाऊंनाही तिथेच कळलं असावं, पण त्यांनी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

पप्पूशेठनं खुर्च्या पुसल्या, चहा मागवला. "दामूशेठची माणसं म्हणजे घरची माणसं. पस्तीसला नवा कोराच समजा."

दामूभाऊंनी लॅपटॉप तोलला. "बगा मास्तर, कसा जड हाय!"

चहा आला. मी प्यायलो, आणि प्यायल्यावर नाही म्हणणं आणखीच अवघड झालं. हा आमचा आजार आहे. एक कप चहा आम्हाला बांधून टाकतो.

मृणालनं विचारलं, "याचं बिल मिळेल?"

"बिल कशाला? दामूशेठ आहेत ना."

"वॉरंटी?"

"माझा शब्द."

तिनं चार्जरची पिन काढली. पडदा लगेच काळा झाला. पप्पूशेठ घाईनं म्हणाले, "ताई, हा लावूनच वापरायचा. कॉलेजमध्ये प्लग असतातच."

मी दामूभाऊंकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर ट्रक बघत होते. आता मी बोलायला हवं होतं. चार वर्षं माझ्या पोरीची होती, पैसे माझे होते, आणि माझ्या तोंडात चहाची चव तेवढी होती. तिनं माझी वाट पाहिली. मला दिसलं, तिनं खरंच वाट पाहिली.

मग तिनं पिन परत लावली आणि लॅपटॉप सुरू केला. पडद्यावर कुठल्याशा कंपनीचं नाव आलं आणि खाली इंग्रजीत एक ओळ. तिनं ती मराठीत वाचून दाखवली. "ही या कंपनीची मालमत्ता आहे." मग ती दामूभाऊंकडे वळली. आवाज चढवला नाही.

"काका, सातबाऱ्यावर दुसऱ्याचंच नाव आहे."

दामूभाऊंची मान गर्रकन वळली. सुकापूरला त्यांनी असाच एक प्लॉट घेतला होता. विसार दिला, पुढचे पैसे दिले, आणि सातबारा काढला तेव्हा त्यावर भलत्याच माणसाचं नाव निघालं. ते प्रकरण अजून कोर्टात आहे आणि घरात कोणी त्याचं नाव काढत नाही. मृणालला हे ठाऊक होतं. पप्पूशेठ हसत म्हणाले, "अहो, ते नुसतं दिसतं हो, पुसून देतो."

"पुसून?" दामूभाऊ उठले. "तवापन त्यो हेच बोलला व्हता." त्यांनी लॅपटॉप स्वतःच्या हातानं मिटला. "उठ पोरी."

"शेठ, विसार..."

"ठेव तुला."

जिना उतरून बघतो तो आमच्या गाडीला एक ट्रेलर आडवा लागलेला आणि ड्रायव्हर जेवायला गेलेला. गाडीच्या तापलेल्या पत्र्यावर हात ठेवून आम्ही उभे राहिलो. दामूभाऊ म्हणाले, "मास्तर, तुमी तरी बोलायचं व्हतं."

मला मनापासून राग आला, कारण ते खरं होतं.

काचेच्या दाराच्या दुकानात पुन्हा शिरलो तेव्हा त्या विक्रेत्यानं आधी माझी छत्री परत केली आणि मग पंचावन्नचा लॅपटॉप उघडला. मृणाल त्याला ओलांडून सरळ मालकिणीकडे गेली. राखाडी लॅपटॉप तिथेच होता. तिनं तो सुरू करून पाहिला, चार्जर काढून पाहिला, वॉरंटीचं विचारून घेतलं. दामूभाऊ या वेळी हात मागे बांधून उभे होते.

"बिल कोणाच्या नावानं करू?" मालकिणीनं विचारलं.

"मास्तरांच्या," दामूभाऊ सवयीनं बोलून गेले. मालकिणीची बोटं किबोर्डावर गेली. दिवसभर मृणालच बोलली होती आणि इथे ती गप्प राहिली. अगदी तिच्या आईसारखी गप्प.

"नाही," मी म्हणालो. आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला आणि तो विक्रेताही वळून बघू लागला. "मुलीच्या नावानं करा. तिचंच नाव, पूर्ण लिहा."

दामूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली. "हां. टायटल क्लिअर पायजे."

परतीच्या एसटीत मृणाल पिशवी मांडीवर धरून झोपी गेली. गाडी पुन्हा पळस्प्याला अडकली, कंडक्टर सुट्या पैशांवरून कोणाशी तरी भांडत होता, आणि मी दिवसभर न केलेली सगळी भांडणं मनात करत बसलो होतो. एवढ्याशा प्रवासात मी किती ठिकाणी हो म्हटलं होतं! साडूला, चहाला, सल्ल्यांना. नाही म्हटलं ते एकदाच, आणि त्यालाही संध्याकाळ झाली.

घरी पोचलो तर बायकोनं लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. तिनं आधी बिल मागितलं. चष्मा लावून दिव्याखाली धरलं आणि पोरीचं नाव वाचलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. मला वाटलं किंमत बघत असेल.

"कुठे ठेवू?" मी विचारलं.

"मी ठेवते," ती म्हणाली, आणि बिलाची घडी करून मृणालच्या हातात दिली. "नको, तूच ठेव. आणि कोणी सही मागितली ना, तर आधी मला विचार."