बापाच्या रक्तातला वाटा

डर्बनजवळच्या उमलाझी वस्तीत, टॅक्सीथांब्यावर उकडलेली कणसं विकायची ती आमची झिबुयीले. नवरा एचआयव्हीनं वाळून वाळून गेला. रोग हिच्याही अंगात, पण गोळी एक नाही आणि बाई धडधाकट. 'नवरा खाल्ला हिनं' म्हणून सासरच्यांनी हाकलली. डर्बनच्या दवाखान्यात मात्र तिच्या रक्ताला भाव. डॉक्टरीण म्हणाली, "आईबापांकडूनच आलंय तुला. रोग शिरलेली पेशी तुझं रक्त बरोबर हेरतं आणि मारतं."

हे तिनं हौसेनं धाकट्या भावाला सांगितलं, तिथंच घात झाला. मांडलाकायीसेलाही तोच रोग. त्याचा जीव रोजच्या गोळ्यांवर.

"बापाचं देणं, आणि तुला?" तो खिदळला. थोरल्या बहिणीला तो 'सिसी' म्हणे. "सिसी, तू लग्न होऊन परक्या घरची झालीस. पूर्वज आधी कुणाला देतील? घर चालवणाऱ्या लेकालाच की!"

बापाची बहीण, थोरली आत्या, बसल्या जागेवरून म्हणाली, "काप बकरं. त्यांचे उपकार मान."

बकरं कापलं. त्याचं पित्त मांडलाकायीसेच्या पायांवर ओतलं, कातड्याची पट्टी पूर्वजांची खूण म्हणून त्याच्या मनगटात चढली. गोळ्यांची बाटली त्यानं गोल खोपीच्या मागच्या अंगाला, पूर्वजांच्या जागेवर ठेवून दिली. 'आता ह्या तुम्हीच ठेवा, मला नकोत,' म्हणाला पूर्वजांना.

झिबुयीलेनं पाया पडून पडून त्याला तपासायला नेलं. डॉक्टरणीनं स्पष्ट सांगितलं, "लेकराला आईचं अर्धं, बापाचं अर्धं मिळतं. कुणाला कुठलं, ते कुणाच्या हातात नसतं. तुला हे आलेलं नाही. गोळ्या सुरू कर."

घरी आत्या कडाडली, "पित्त ओतल्यावर माघार? पूर्वजांच्या तोंडावर थुंकतोस काय रे?"

त्यानं बाटलीला हात लावला नाही.

पुढं क्षयानं फुप्फुसं पोखरली. दवाखान्यात नेला तेव्हा दंड मनगटाएवढे झाले होते. गोळ्या दिल्या, पण त्या पोटात टिकेनात.

"सिसी," तो धापा टाकत म्हणाला, "तुझ्यातलं थोडं दे की. एक बाटली रक्त."

"रक्त देऊन ते येत नाही रे, सोन्या. येत असतं तर सगळं दिलं असतं."

"आपल्या बापाचं आहे ते. एकटी गिळून बसलीस."

तिनं बाही वर करून हात नर्सपुढं धरला. नर्सनं 'उपयोग नाही' म्हणून मान हलवली. तो बघत होता, पण त्याला ते दोघींचं नाटक वाटलं.

"जा, कणसं विक," म्हणाला आणि कुशीवर वळला.

मेला तो बहिणीकडं पाठ करूनच.