सुकीच्या राबात मोबाईल

आमच्या साखरशेत गावात हरेशला सगळे 'मोबाईलवाला' म्हणत आणि त्याला तो बहुमान वाटे. वडील जव्हारला कचेरीत कारकून, घरची नाचणी-भाताची शेती, आणि हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तीनदा बसलेला. गावात रेंज यायची एकाच आंब्याखाली, तरी ह्याच्या कमरेला दोन मोबाईल! सातवीत मीच त्याला शिकवलं. तेव्हाही खिशाला दोन पेनं आणि उत्तरपत्रिका कोरी.

२००८ साली ह्या गृहस्थाला एकाएकी पृथ्वीची काळजी लागली. जव्हारच्या एसटी स्टँडवर आणि दोन दुकानांत त्याने हिरवी खोकी ठेवली : 'जुने मोबाईल द्या, पर्यावरण वाचवा.' शिक्षक, कारकून, ग्रामसेवक, सगळ्यांनी घरातली मेलेली डबडी त्यात टाकली आणि हात झटकले. पुढे त्यांचं काय होतं, हे एकानेही विचारलं नाही. समोर खोकं ठेवलं की शिकलेल्या माणसाची अक्कल झोपायला मोकळी.

खोक्यांतल्या मोबाईलचे चालू भाग हरेश ठाण्याला विकी. उरलेल्या सर्किटच्या पट्ट्या, बटणं आणि चार्जरच्या वायरी भंगारवाला घेईना. म्हणे, प्लास्टिक जाळ आणि नुसतं तांबं आण. पण गावात जाळलं तर काळा धूर आणि घाण वास, लोक विचारणारच. उन्हाळ्यात मात्र आमच्याकडे सगळेच राब भाजतात. रोपाच्या जागेवर शेण, टहाळ, पाला रचून पेटवायचं आणि पावसाच्या तोंडाला तिथेच नाचणी पेरायची. गावभर धूर असतो. त्यात ह्याचा कोण ओळखणार?

जागा त्याने निवडली सुकीची. सुकी एकटी बाई. जंगलाच्या कडेला तिचा एक तुकडा. त्यात पिकेल ती नाचणी खायची, एरवी मजुरी. राब रचून ती वीटभट्टीवर निघाली होती. हरेश म्हणाला, "सुके, तू जा खुशाल. तुझा राब मी भाजतो."

सुकी हरखून मला सांगायला आली. "बाय, पोरगा सुधारला."

"सुधारला कसला! त्याचं काहीतरी काम असेल."

"तुला कोणी चांगला दिसतच नाय," म्हणत हसत गेली.

पाऊस झाला. सुकी परतली, पेरून बसली. सगळ्यांच्या राबांवर हिरवी लव आली. सुकीच्या चौकोनात काळी, तेलकट राख आणि कोंबाचा पत्ता नाही. तिने बोटाने उकरलं तर अर्धवट वितळलेली मोबाईलची बटणं वर आली. त्यांवरचे आकडे अजून वाचता येत होते. आता दुसरा राब भाजायचा तर सगळं ओलं. रोप नाही म्हणजे वर्षाची नाचणी नाही.

मी तिला घेऊन हरेशच्या ओट्यावर गेले.

"राख ती राखच ना, बाई," तो म्हणाला.

"मग तुझ्या बापाच्या राबात का नाही टाकलीस?"

त्याने मोबाईल कानाला लावला आणि "हां, हां, बोला" सुरू केलं. ओट्यावर रेंज नव्हती.

 आवणीचे, म्हणजे रोप उपटून शेतात लावायचे, दिवस आले तशी सुकी भर सकाळी हरेशच्या राबात शिरली आणि रोप उपटू लागली. तो धावत आला.

"ए सुके! आमचं रोप आहे ते!"

"तुझा कसा? माझा राब तू भाजलास, तुझ्या राबाचा रोप मी नेते."

बांधावर माणसं जमली. हरेशची आई उज्ज्वला बाहेर आली. मला वाटलं, आता ही सुकीवर तुटून पडणार. तिने पोरालाच झापलं : "बघतोस काय मेल्या? जुड्या बांधायला लाग."

मग पृथ्वी वाचवणारे हरेशराव चिखलात वाकले, आणि कमरेचे दोन्ही मोबाईल चिखलात बुडाले.

सुकीची आवणी झाली. हरेशच्या शेताचा अर्धा तुकडा रोप न पुरल्याने त्या वर्षी मोकळा राहिला. त्यावर गवत उत्तम वाढलं. स्टँडवरचं खोकं काही कोणी हलवलं नाही. लोक येता-जाता त्यात मोबाईल टाकतच होते.