काकूंच्या खांद्यावरचा पतंग

डांबरगोळीचा वास आला की मला आजही हसू येतं आणि मागोमाग हातचा गेलेला एक पतंग आठवतो. निजामाच्या काळात मी शिरड शहापूरला मास्तर होतो आणि मला किडे टाचून डांबरगोळ्या घातलेल्या पेट्यांत जमवायचा नाद होता. एकदा तांदळाच्या दाण्याएवढा राखी पतंग सापडला, कुठल्याच पुस्तकात नसलेला. वर्णन आणि टाचलेला नमुना संग्रहालयाकडे पाठवला की त्याला नाव मीच देणार होतो.

त्याच्यावर पेला पालथा घालून मी डबी आणायला आत गेलो आणि घरमालकीण जैन काकूंनी तो पेला उचलला.

"काहून कोंडलं, मास्तर? जीव तडफडून राहिला होता. सोडलं म्या."

मी पलंगाखाली रांगलो, कोनाडे चाचपले, अक्षरशः रडलो. मग पाहतो तर पतंग जेवायला बसलेल्या काकूंच्या खांद्यावर.

"काकू, हलू नका. पाया पडतो."

"मारसाल त्याला?"

"मारावंच लागतं."

"मंग झटकते. नुसतं लिवून घेत असाल तं बसते."

मी हताशपणे लिहू लागलो. त्यानं पंख पसरले. आत केशरी पट्टा, चांदीची झालर. ओळीगणिक तो माझ्या हातून जात होता. काकू दिवस मावळल्यावर पाणीही घेत नसत. ऊन भिंतीवरून उतरून गेलं, तरी त्या वाढलेल्या ताटासमोर निश्चल होत्या. अंधारात पतंग उडाला. काकूंनी ताट झाकलं.

नमुन्याअभावी वर्णन परत आलं. तेव्हा मी ऊर बडवून घेतला. आता ते वाचताना 'सवयी' या मथळ्याखालची ओळच तेवढी पटते: 'उपाशी माणसाच्या खांद्यावर निवांत बसतो.'